मँगनीजच्या गोळीनं आईला माया येते म्हणे! बाळंतिणीचं खाणं आणि तिचं मन

हळदीचं पान (सांगली)

आमच्या भाऊबंदांच्या ग्रुपवर सध्या एक मेसेज फिरतोय. "शरीरात मँगनीज कमी पडलं की आईला बाळाची माया लागत नाही. शास्त्रज्ञांनी सिद्ध केलंय. गरोदर बायकांनी रोज ही गोळी घ्यावी." खाली गोळीच्या डबीचा फोटो, फोटोखाली मोबाईल नंबर. एरवी असलं काही मी न वाचता पुसून टाकते. पण हा मेसेज माझ्या भाचीला तिच्या सासरच्या कुणीतरी मुद्दाम पाठवला. ती ओली बाळंतीण आहे, तासगावला माहेरी आलीय. बाळ रडायला लागलं की बाळाआधी हिचेच डोळे भरतात. मेसेज वाचून तिनं मला फोनवर विचारलं, "मावशी, माझ्यात तेच कमी आहे का गं?"

मी आहारशास्त्र शिकवते, म्हणून जरा खोलात जाऊन लिहिते. मेसेज धडधडीत खोटा असता तर बरं झालं असतं. तो अर्धा खरा आहे.

१९३१ साली अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात ओरेंट आणि मॅकॉलम या दोघांनी उंदरांना मँगनीज नसलेल्या खाद्यावर वाढवलं. नर नापीक झाले. माद्यांना पिल्लं झाली, पण पाजली गेली नाहीत आणि मेली. मॅकॉलम म्हणजे 'अ' जीवनसत्त्वाच्या शोधातलं मोठं नाव. मँगनीज म्हणजे मायेचं खनिज, ही समजूत तिथून जी सुटली ती आज तासगावात पोचली.

पुढचा भाग मात्र मेसेजात नाही. चारच वर्षांनी, १९३५ मध्ये, डॅनियल्स आणि एव्हरसन यांनी दाखवलं की ती पिल्लं जन्मतःच दुबळी होती. धडधाकट उंदरीच्या कुशीत नेऊन ठेवली तरी बहुतेक जगत नव्हती. म्हणजे पिल्लात ओढून प्यायची ताकद नव्हती आणि नाव आईचं खराब झालं. हे वाचून मला तर आपल्याकडची कितीतरी घरं आठवली.

ज्वारी, बाजरी, डाळी, शेंगदाणे, अगदी चहासुद्धा, या सगळ्यात मँगनीज असतं. भाकरी खाणाऱ्या बाईला त्याची गोळी कशाला?

पण म्हणून खाण्याचा आणि आईच्या वागण्याचा काही संबंधच नाही, असंही मी म्हणणार नाही. तुमच्याकडे बाळंतिणीला काय देतात, काय तोडतात, आणि त्याचा तिच्या मनावर काय परिणाम झालेला बघितलात, ते लिहा. मग माझं म्हणणं मांडते.

माणदेशी (दहिवडी)

ताई, बरं झालं विषय काढला. आमच्याकडं म्हाताऱ्या बायका म्हणत्यात, बाळंतिणीनं पाणी प्यालं की पोट सुटतं. माझी मंडळी ऐन एप्रिलात बाळंत झाली. बाहेर माणचं ऊन, खोलीत बाजंखाली शेगडी, दारं-खिडक्या बंद, आन् प्यायला ओव्याचं कोमट पाणी, तेबी वाटीनं. जेवायला बाजरीची भाकरी, शेपूची भाजी, लसणाची चटणी. भात न्हाय, दही न्हाय, फळ न्हाय, डाळ वातूळ म्हणून तीबी न्हाय. दूध उतरंना. मग सुरू झालं, "हिचं लक्षच न्हाय लेकराकडं."

शेवटाला मीच रात्री आईच्या चोरून तांब्या भरून द्यायला लागलो. आईला कळलं तवा चार दिवस बोलली न्हाय माझ्याशी. पर खरं सांगतो, बायको माणसात आली.

पेठेतली मावशी (सातारा)

माणदेशी, पाणी तोडणं चूकच. माझ्या सासूबाईसुद्धा तेच करायच्या आणि मी माझ्या सुनेला ते करू दिलं नाही. पण त्यापायी सगळ्याच रीतीला नावं ठेवू नका.

आमच्याकडे नववा लागला की डिंकाचे लाडू करायला घेतात. डिंक तुपात थोडा थोडा टाकून फुलवायचा. एकदम ओतला की वरून फुलतो नि आत कच्चा राहतो, मग दाताला चिकटतो. खोबरं किसून मंद आचेवर तांबूस करायचं, खारकेची पूड, भिजवलेली मेथी, गूळ. या कामाला दोन-तीन बाया लागतात. सकाळी तेल लावून न्हाऊ घालायला बाई यायची, दुपारी बाळाला कुणी ना कुणी घ्यायचं, सव्वा महिना बाळंतिणीनं चुलीपुढे जायचं नाही.

माझं म्हणणं एवढंच, त्या लाडवात काय गुण होते ते हळदीचं पान सांगेल. पण तिला बसल्या जागी आयतं ताट मिळत होतं, हा गुण मी डोळ्यांनी बघितलाय. आता लाडू ऑनलाइन मागवतात. डबा घरी येतो. माणूस कुठून येणार?

फटकळ सांगलीकर

सगळं वाचलं. आमची आजी दुपारपर्यंत भांगलायला होती, संध्याकाळी बाळंत झाली आणि तिसऱ्या दिवशी परत रानात. तिनं सात पोरं वाढवली. तेव्हा कुणी मन बिन विचारत नव्हतं. आत्ताच्या पोरींना सोनोग्राफी, गोळ्या, ड्रायफ्रूट सगळं मिळतं आणि वर डिप्रेशनही पाहिजे. मोबाईल बाजूला ठेवला तर माया आपोआप येईल.

फडावरची ताई (वाळवा)

फटकळदादा, सांगलीपासून लांब नाही, हंगाम सुरू झाला की माझ्याबरोबर एकदा फडावर या. मी आरोग्याचं काम करते. तुमच्या आजीसारख्या बायका तिथं आजही आहेत.

बीडकडच्या टोळ्या दिवाळीच्या आसपास येतात, उसाच्या पाचटाच्या कोप्या पडतात. बाई झुंजूमुंजूच्या आधी उठते, भाकरी थापते, नवऱ्याला आणि पोरांना घालते, उरलेलं फडक्यात बांधून फडात नेते. दिवसभर तोडलेला ऊस बांधायचा, मोळी डोक्यावर घेऊन गाडी भरायची. गाडी रात्री आली तर रात्री भरायची. पोटुशी असली तरी हेच. एक खाडा पडला तर पैसे कापतात, म्हणून बाळंत झाल्यावर लवकरात लवकर परत उभी राहते.

गेल्या हंगामात अशाच एका ओल्या बाळंतिणीकडे गेले होते. बाळ साडीच्या झोळीत, झोळी बैलगाडीच्या दांडीला. तिनं बाळ घेतलं, अंगावर लावलं आणि माझ्याशी बोलता बोलता बसल्या बसल्या झोपली. बाळ पीत होतं, हाताची पकड सुटली नव्हती, पण मान पडलेली. सकाळपासून काय खाल्लं विचारलं तर अर्धी भाकरी आणि ठेचा. डोळ्याची खालची पापणी ओढून बघितली, पांढरीफटक.

आमच्या कार्डावर छापलेलं असतं, बाळाशी बोला, गाणी म्हणा, डोळ्याला डोळा लावा. मी ते वाक्य तिला बोलले नाही. केळी घेऊन गेले होते ती दिली. माझ्यासमोर खा म्हणाले, कारण मागं ठेवली असती तर मोठ्या पोरांच्या पोटात गेली असती. अंगणवाडीच्या पाकिटाचंही तेच होतं. मुळात नाव गावाकडच्या अंगणवाडीत आणि बाई इथं, म्हणून पाकीटच मिळत नाही. मिळालं तर अख्खी कोपी खाते.

आजीनं सात वाढवली म्हणालात. बाळं किती झाली होती, हे कधी विचारलंत का?

माणदेशी

ताई, शेवटची ओळ काळजाला लागली.

हळदीचं पान

फडावरच्या ताईंनी जे बघितलं, त्याच गोष्टीवर अभ्यास झालेत. दक्षिण आफ्रिकेतला एक अभ्यास २००५ साली छापून आला. ८१ आया. काहींचं रक्त चांगलं, काहींना लोहाच्या कमतरतेचा रक्तक्षय. रक्तक्षय असलेल्यांचे दोन गट केले. एका गटाला बाळ दहा आठवड्यांचं असल्यापासून नऊ महिन्यांचं होईपर्यंत रोज लोह, दुसऱ्याला लोह सोडून बाकीचं. लोह मिळालेल्या आयांचे नैराश्याचे आणि ताणाचे गुण सुमारे २५ टक्क्यांनी सुधारले. आई-बाळाला एकत्र बसवून पाहिलं, तेव्हा लोह न मिळालेल्या आया बाळाशी जास्त तुसडेपणानं वागत होत्या, त्याच्या हुंकाराला कमी ओ देत होत्या. लोह मिळालेल्या आणि मुळात रक्त चांगलं असलेल्या आयांत मात्र फारसा फरक उरला नव्हता. अभ्यास लहान आहे, पण तुसडी आई आणि प्रेमळ आई यांच्यातला काही फरक एका स्वस्त गोळीत असू शकतो, हे त्यातून दिसतं.

आपल्याकडचं चित्र असं: २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १०० गरोदर बायकांपैकी जवळपास ४६ जणींना रक्तक्षय होता. गरोदरपणी हिमोग्लोबिन ११ च्या खाली गेलं की रक्तक्षय धरतात. त्यावर बाळंतपणातलं रक्त जाणं, त्यावर रात्रीची जागरणं. अशी बाई बाळाकडे बघून हसली नाही तर तिच्यात माया नाही असं म्हणायचं?

आणि नुसत्या भुकेनं माणसाचा स्वभाव कसा पालटतो, तेही बघा. १९४४-४५ मध्ये अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात अ‍ॅन्सेल कीज यांनी ३६ धडधाकट तरुण पुरुषांना सहा महिने निम्म्या आहारावर ठेवलं. ही पोरं स्वखुशीनं आलेली होती. काही महिन्यांत चिडचिडी झाली, हसणं-बोलणं थांबलं, जिवलगांतही मन रमेना, डोक्यात चोवीस तास खाणं. यात कुणी बाळंतीण नव्हती, कुणाला रात्री उठून पाजायचं नव्हतं. फटकळदादा, यांच्याकडे मोबाईलही नव्हता.

जस्ताचंही एक सांगते. १९६८ मध्ये जीन अपगार यांनी जस्त नसलेल्या खाद्यावरच्या उंदरी पाहिल्या. वेणा लांबल्या, रक्तस्राव जास्त झाला, आणि नंतर त्यांनी घरटंही केलं नाही, वारही खाल्ली नाही. एरवी उंदरी ही कामं न चुकता करते. म्हणजे खाण्याचा वागण्याशी संबंध आहेच. माझ्या मते तो थकव्याच्या वाटेनं येतो. जो जीव बाळंतपणातच संपून गेलाय, त्याला घरटं कुठून सुचणार?

रात्रपाळी (मिरज)

मी डॉक्टर आहे, स्त्रीरोगतज्ज्ञ नाही. लोहाबद्दल सहमत. पण एक लगाम घालतो, नाहीतर उद्या या धाग्याचाच फॉरवर्ड होईल.

माशांच्या तेलाचं उदाहरण घ्या. २००२ मध्ये हिबेलन यांनी बऱ्याच देशांची आकडेवारी एकत्र मांडली. जिथं मासे जास्त खातात आणि आईच्या दुधात डीएचए (माशांच्या तेलातला स्निग्ध घटक) जास्त, तिथं बाळंतपणानंतरचं नैराश्य कमी. दिसायला झकास. मग ऑस्ट्रेलियात नीट चाचणी झाली, २०१० ला छापून आली. जवळपास २,४०० गरोदर बायका, निम्म्यांना रोज ८०० मिलिग्रॅम डीएचए. बाळंतपणानंतरच्या नैराश्यात फरक पडला नाही. मासे खाणाऱ्या देशांत पैसा, दवाखाने, रजा अशा बाकीच्या गोष्टीही वेगळ्या असतात, त्या नकाशात दिसत नाहीत.

उंदरांवर तर फार भरवसा ठेवू नका. अर्धपोटी ठेवलेली उंदरी काही प्रयोगांत पिल्लांपाशी उलट जास्त वेळ पडून राहते. तिला जास्त माया आली म्हणायचं, की दूध कमी म्हणून पिल्लं सोडत नाहीत म्हणायचं?

शिवाय उलटी वाटही असते. बाई आधी उदास होते आणि म्हणून तिचं खाणं सुटतं. गोव्यात २००२ साली छापलेल्या अभ्यासात बाळंतपणानंतर सहा ते आठ आठवड्यांनी २३ टक्के आयांना नैराश्य होतं, आणि त्यातल्या बऱ्याच जणी गरोदरपणातच खचलेल्या होत्या. कारणांत गरिबी होती, नवऱ्याशी बिनसलेलं होतं, आणि झालेली मुलगी होती. यातल्या शेवटच्या दोन गोष्टींवर अळिवाची खीर चालत नाही.

नाव नको

वाचून वाचून आज लिहायचं धाडस करतेय. माझं सासर कोरेगावकडे. खायला काही कमी नव्हतं. लाडू, खीर, अळणी, सगळं ताटात. पण बाळ जवळ दिलं की मला काहीच वाटायचं नाही. शेजारणीचं असावं तसं. पाजायचे, पुसायचे, परत द्यायचे. रात्री वाटायचं, कुणीतरी घेऊन जावं. हे कुणाला सांगणार? मुलगी होती, त्यामुळे सगळ्यांनी गृहीत धरलं की मला मुलगा हवा होता म्हणून मी अशी. खरं तर मला मुलगीच हवी होती.

दवाखान्यात सांगितलं तर "सगळ्यांनाच होतं, लक्ष देऊ नका" म्हणाले. पुढे दुसऱ्या एका डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासलं. हिमोग्लोबिन आठच्या आत, थायरॉइडही बिघडलेलं. आणि त्यांनी दहा प्रश्नांचा एक कागद भरून घेतला. लोह सुरू झालं, थायरॉइडची गोळी सुरू झाली आणि मानसोपचारवाल्यांचीही गोळी सुरू झाली. यातलं नेमकं कशानं बरं वाटलं, मला सांगता येणार नाही. लेक आता शाळेत जाते. तिला बघून आजही मी नवऱ्याला सांगते, हिचं पहिलं हसू मला आठवत नाही, तुलाच आठवत असेल तर सांग.

पेठेतली मावशी

बाळा, छान लिहिलंस. ताटात सगळं असून हिमोग्लोबिन आठ, हे मला नवीन आहे. मग आमचे लाडू काय कामाचे?

हळदीचं पान

मावशी, लाडू कामाचेच. तूप, खोबरं, गूळ यांनी उष्मांक मिळतो आणि पाजणाऱ्या बाईला तो लागतो. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या शिफारशीप्रमाणे पहिले सहा महिने रोज ६०० कॅलरी जास्त. म्हणजे नेहमीच्या जेवणावर साधारण दोन भाकऱ्या, वाटीभर उसळ आणि एक लाडू. पण आठाचं हिमोग्लोबिन लाडवातल्या गुळानं अकरावर जात नाही. त्याला गोळीच लागते, कधी शिरेतून लोह द्यावं लागतं. सरकारी दवाखान्यात लोह-फॉलिकची गोळी फुकट आहे. चौथ्या महिन्यापासून १८० दिवस आणि बाळंतपणानंतर आणखी १८० दिवस. हे दुसरे १८० दिवस बहुतेक घरांत गळतात, कारण बाळ झालं की सगळ्यांचं लक्ष बाळाच्या डोसांकडे.

"नाव नको", तुम्ही म्हणता तो कागद म्हणजे बाळंतपणानंतरचं नैराश्य ओळखायची एडिंबरा प्रश्नावली. १९८७ पासून जगभर वापरतात. माझी भाचीही परवा भरून आली. पहिल्या दहा-पंधरा दिवसांचं रडू बहुतेकींना येतं आणि जातं. त्यापुढं टिकलं, किंवा बाळाला नाहीतर स्वतःला काही करावंसं वाटलं, तर आहारतज्ज्ञाकडे येऊ नका, थेट डॉक्टरांकडे जा. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर १४४१६, मराठीत बोलतात, पैसे लागत नाहीत.

वांगीकर

आम्ही माळकरी. अंडं-मटण नाही. आमच्या सुनेचं काय?

हळदीचं पान

पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. याज्ञिक यांच्या गटानं १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांत गरोदर बायकांचा अभ्यास केला. तिथं जवळपास दोन तृतीयांश जणींच्या रक्तात बी-१२ कमी होतं. पालेभाज्या, फळं, दूध जास्त वेळा खाणाऱ्यांची बाळं अंगानं बरी होती. तो अभ्यास आईच्या वागण्यावर नाही, पण बी-१२ कमी असलं की थकवा, मुंग्या, उदासपणा येऊ शकतो, तेव्हा तपासून घ्या. दूध-दही-ताक रोज. दही बाळंतिणीला बाधतं, हे डोक्यातून काढा.

फटकळ सांगलीकर

आईला विचारलं. आजीची एकूण अकरा झाली होती.

मोबाईलचं माझं मत तेच आहे.

माणदेशी

लोहाच्या गोळीनं बायकोला संडास काळी व्हती, मळमळतं. म्हणून तिनं बंद केली व्हती. आता काय करावं?

फडावरची ताई

काळी होणारच, घाबरू नका. मळमळत असेल तर रात्री जेवणानंतर घ्यायला सांगा, लिंबूपाण्याबरोबर. कॅल्शियमची गोळी त्याच वेळेला नको, दोन तासांचं अंतर ठेवा. आणि गोळीच्या आगंमागं तासभर चहा नको. आपल्याकडं हीच मेख आहे, गोळी घ्यायची ती चहाच्या घोटाबरोबर.

नाव नको

मावशी, अळणी कसं करता तुम्ही? माझ्या जावेचे दिवस भरत आलेत. सासूबाई आता नाहीत, करणारी मीच.

पेठेतली मावशी

हाडाचं मटण घे, नुसतं बोटी नको. आलं-लसूण, हळद, मीठ लावून ठेव. थोड्या तेलावर कांदा परत, मटणाला त्याचं पाणी सुटेपर्यंत हलव, मग गरम पाणी घालून शिजू दे. तिखट, मसाला काही नाही. वरचा रस्सा वाटीत काढून तिला गरम दे आणि चार बोट्याही दे. घरातल्यांसाठी उरलेल्यात तिखट घालून रस्सा कर, पण तिची वाटी आधी काढायची, शेवटी नाही.

वांगीकर

आणि आमच्या सुनेला?

पेठेतली मावशी

हुलग्याचं माडगं. हुलगे भाजून दळून ठेवायचे. पीठ ताकात कालवून शिजवायचं, वर जिरं-लसणीची फोडणी. मुलगा करील की, दहा मिनिटांचं काम आहे.